हिरवं पाणी कुणाचं?

सख्ख्या बहिणीच्या संडासात सरकारी गोळी टाकायची वेळ माझ्यावर येईल, असं नोकरीला लागताना कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण आली. आणि खरं सांगायचं तर ती मीच ओढवून घेतली.

मी पाणी-नियंत्रण खात्यात इन्स्पेक्टर आहे. नाव भारदस्त आहे, काम मात्र लोकांच्या मोऱ्यांत डोकावायचं. आमच्या हद्दीत एक मरीना येते. भिंतीच्या आत संथ पाणी, लाकडी धक्के आणि धक्क्यांना बांधलेल्या बोटी. बोट म्हटली की संडास आलाच. त्यातली घाण बोटीच्या पोटातल्या टाकीत साठवायची आणि टाकी भरत आली की मरीनाच्या उपसा पंपाची नळी लावून रिकामी करून घ्यायची, असा नियम. पण नियम पाळायला अंग हलवावं लागतं. काही आळशी लोक बोटीखालची झडप उघडतात आणि सगळं खाली पाण्यात सोडून मोकळे होतात. त्यांना पकडायला आमच्याकडे गोळी असते. संडासात टाकून पाणी सोडलं की टाकीतलं सगळं पोपटी हिरवं होतं. झडप बंद असेल तर हिरवं टाकीतच राहतं. उघडी असेल तर बोटीभोवती हिरवं पाणी वर येतं. ते दिसलं की बोटीची धक्क्यावरची जागा रद्द होते, त्यावर वाद नाही की अपील नाही.

गोळी खोटं बोलत नाही, असं आमच्या खात्यात म्हणतात. मीही मोठ्या तोंडाने म्हणायचे.

ताई आणि भावोजी त्या मरीनात बोटीवर राहायचे. भावोजींचा छापखाना बंद पडला तेव्हा त्यांनी फ्लॅट विकून ही जुनी बोट घेतली. आम्ही सगळ्यांनी त्यांना मूर्खात काढलं होतं. पण ताईने त्या चिंचोळ्या लाकडी खोक्याचं असं घर केलं, की नंतर आम्हीच सुट्टीला तिथे जाऊन पडू लागलो. तिचा एकच हट्ट होता, मरीनातल्या पाण्यात ती पाय बुडवायची नाही. "शेजाऱ्यांच्या टाकीवर माझा विश्वास नाही," म्हणायची, आणि रोज सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून भिंतीपलीकडच्या खाडीत पोहायला जायची.

मरीनाच्या मॅनेजरला हे दोघं डोळ्यांत सलत. नव्या पांढऱ्याशुभ्र बोटींच्या रांगेत एका बोटीवर भावोजींचे पायजमे वाळत घातलेले असायचे. बाकी बोटींवर कुणी राहत नव्हतं. मालक सुट्टीला यायचे, हवा खायचे आणि जायचे. मॅनेजरने आमच्याकडे तक्रार पाठवली, की जुन्या बोटी गळतात, तपासणी करा. जुनी बोट म्हणजे कोणती, हे कळायला ज्योतिषी नको होता.

साहेब म्हणाले होते, "तुमच्या नात्यातलं आहे. दुसरं कुणी रजेवरून आलं की त्याला पाठवू."

मी म्हटलं, "नको. मीच जाते. उगाच कुणी म्हणायला नको, बहिणीला पाठीशी घातलं."

ही माझी खुमखुमी. प्रामाणिकपणाचाही माज असतो आणि तो मला चांगलाच होता.

*

"हात धुतलेस का?" ताईने दारातच विचारलं.

"अगं, मी संडासात गोळी टाकायला आलेय."

"म्हणूनच विचारतेय."

ताईचा संडास कपाटाएवढा, पण ताट घेऊन बसावं इतका लख्ख. मी गोळी टाकली आणि पाणी सोडलं. भांडंभर पोपटी रंग फिरला. पुन्हा पाणी सोडलं तरी कडेला हिरवट वलय राहिलंच. ताई माझ्या खांद्यावरून बघत होती. तिचा चेहरा असा पडला, जणू मी तिच्या पांढऱ्या चादरीवर शाई सांडली होती.

"हे असंच ठेवायचं?"

"संध्याकाळी मी परत बघायला येईन. तोवर असंच."

"असंच?"

"असंच, ताई. हात लावायचा नाही."

मग मी धक्क्यावर फतकल मारून बसले आणि बोटीभोवतीच्या पाण्याकडे टक लावली. पाणी नेहमीसारखं गढूळ. हिरव्याचा मागमूस नाही. थोड्या वेळाने भावोजी येऊन शेजारी टेकले आणि खाली वाकून बघू लागले.

"काय गं, आमची अब्रू कुठे तरंगताना दिसली का?"

"अजून तरी नाही."

"मग ती बुडाली असेल. जडच आहे जरा."

मला हसू आलं. मनावरचं ओझंही उतरलं, कारण आदल्या रात्री मला धड झोप लागली नव्हती. ही जागा गेली असती तर त्या दोघांना दुसरी नव्हती. जवळपासच्या एकाही मरीनात लोकांना बोटीवर राहू देत नव्हते आणि फ्लॅट तर कधीच विकलेला. पण पाणी स्वच्छ होतं. म्हणजे पुरेसं घाण होतं, पण हिरवं नव्हतं. मी उठले, मरीनाच्या ऑफिसात जाऊन तासभर कागद भरले, मग डबा उघडला, आणि दुसरा घास तोंडात असताना फोन वाजला.

"ओ मॅडम, ते पाण्याचं खातं तुमचंच ना? पाटीवर नंबर आहे म्हणून केला."

"हो. बोला."

"मी खाडीवर मासे धरायला बसलोय. खाडी हिरवी झालीये."

"शेवाळ असेल."

"शेवाळ नाही हो. पोपट कसा असतो, तसं! माझा गळसुद्धा हिरवा निघाला."

मी डबा तसाच टाकून उठले.

*

खाडी मरीनाच्या मागच्या भिंतीला लागून आहे. मरीनाचं तोंड दुसऱ्या बाजूला, म्हणजे आतलं पाणी खाडीत यायचं तर चांगला लांबचा वळसा. मी भिंतीला वळसा घालून पलीकडे पोचले तेव्हा गळवाले आजोबा नुसतं बोट दाखवत उभे होते. भिंतीच्या पायथ्याशी पाणी पोपटी हिरवं झालं होतं. माझाच हिरवा, लांबूनही ओळखू आला. आणि आसपास बोट म्हणावी अशी एकही नव्हती.

मी धावत ताईच्या बोटीपाशी गेले. पाणी स्वच्छ. धावत खाडीवर आले. पाणी हिरवं. पुन्हा धक्क्यावर. पुन्हा खाडीवर. माझ्या अशा येरझारा बघून आजोबांनी विचारलं, "मॅडम, काही हरवलंय का?"

डोकंच हरवलं होतं. गोळी इथे टाकली, रंग तिथे निघाला. हे म्हणजे भात आमच्या घरी शिजवायचा आणि शिटी शेजारच्या कुकरची व्हायची.

तेवढ्यात मॅनेजर आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात मोबाइल, आणि फोटो काढणं आधीच सुरू.

"मॅडम, आज मरीनात गोळी कुठे कुठे टाकलीत?"

"एकाच बोटीत."

"कुणाच्या?"

"तुम्हाला माहीत आहे कुणाच्या."

"मग झालं तर. गोळी एक, बोट एक, रंग एक. नियम काय सांगतो? ज्या बोटीतला रंग पाण्यात दिसेल, त्या बोटीची जागा रद्द. कुठल्या पाण्यात, असं नियमात कुठे लिहिलंय?"

नव्हतं लिहिलेलं. मी म्हटलं, "अहो, पण बोटीजवळचं पाणी साफ आहे. रंग उडी मारून भिंतीपलीकडे गेला का?"

"ओहोटी आहे, मॅडम. पाणी तोंडातून बाहेर पडलं, वळसा घेऊन इकडे आलं."

"वाटेत कुठेच न दिसता?"

"खालून आलं असेल."

मॅनेजरने हे इतक्या आत्मविश्वासाने सांगितलं, की क्षणभर मलाही वाटलं, येत असेल बुवा खालून. पाण्याचं काय सांगता येतं?

मी साहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हिरवं नक्की कुठे आहे? भिंतीच्या आत की बाहेर?"

"बाहेर."

"मग ते आपल्याकडे येत नाही. खाडी वेगळ्या खात्याची."

"पण रंग आपला आहे, साहेब."

"रंग आपला, पाणी त्यांचं."

"आणि भिंत?"

"भिंत बहुतेक बांधकामवाल्यांची. विचारून सांगतो. तोवर तुम्ही संध्याकाळपर्यंत अहवाल द्या. रंग दिसला, किंवा रंग दिसला नाही. दोन्हीपैकी एक काहीतरी."

एक ना धड, भाराभर चिंध्या. मी फोन ठेवला आणि ताईकडे गेले. जाताना डोक्यात एकच विचार होता, आणि तो असा होता की त्याची मला स्वतःलाच किळस आली.

*

ताई ओटा पुसत होती. मी आत गेले तरी तिने वर पाहिलं नाही, पुसलेलाच ओटा पुन्हा पुसत राहिली. ताई काही लपवत असली की असंच करते.

"ताई, खरं सांग. झडप उघडलीस?"

तिचा हात थांबला. "तुला असं वाटतं?"

"मला काय वाटतं ते सोड. खाडी हिरवीगार झालीये. गोळी मी फक्त तुझ्याकडे टाकली होती."

"खाडी?" ती खरोखरच गोंधळली. "खाडीचा काय संबंध?"

"तेच मी विचारतेय!"

"ओरडू नकोस."

"का ओरडू नको? संध्याकाळी मला लिहून द्यायचंय. 'रंग दिसला' लिहिलं की तुमची जागा जाते. कळतंय का तुला? मी माझ्या हाताने तुला बाहेर काढणार आहे. आणि तू ओटा पुसतेयस!"

माझा आवाज चिरकला. ताईचे डोळे भरून आले, पण ती रडली नाही. फडका पिळून दांडीवर वाळत घातला, त्याच्या दोन्ही कडा सारख्या केल्या, मग म्हणाली, "मी एक गोष्ट केलीये. पण झडपेला हात लावलेला नाही. आईची शपथ."

"काय केलंस?"

कोपऱ्यात बसलेले भावोजी म्हणाले, "अगं, सांगून टाक. फाशी तर देणार नाही ती."

"टाकी उपसून घेतली," ताई म्हणाली. "तू ऑफिसात गेल्या गेल्या. नळीवाल्यांना बोलावलं आणि सगळी टाकी रिकामी करून घेतली. मग आतून बाहेरून धुतली. मला वाटलं, हे तुमच्या तपासणीत चालत नसेल, म्हणून बोलले नाही."

"अगं, पण का? हात लावू नको म्हणून सांगितलं होतं ना!"

"मग काय करू? संध्याकाळी तू येणार, पाहुण्यासमोर संडास हिरवा? शोभतं का ते?"

"ताई, मी पाहुणी नाही! मी इन्स्पेक्टर आहे!"

"माझ्या घरी आलीस की पाहुणीच."

मी कपाळावर हात मारला. अख्ख्या मरीनात, कदाचित अख्ख्या जगात, तपासणीची गोळी टाकल्यावर लाजेपोटी टाकी उपसून घेणारी ही एकच बाई असेल. आळशी लोक टाकी उपसत नाहीत म्हणून तर ही गोळी निघाली. टापटिपीच्या माणसाचा विचार ती बनवणाऱ्याच्या डोक्यात येणार तरी कसा?

कपाळावरचा हात खाली आणताना मात्र माझ्या लक्षात आलं. ताईचं हिरवं पंपाने ओढलं होतं. आणि त्यानंतर खाडी हिरवी झाली होती.

*

उपसा पंप मागच्या भिंतीला टेकून आहे. पंप चालवणाऱ्यांना सगळे नळीवाले काका म्हणतात. माणूस गोड, कामाला चोख, फक्त त्यांच्याकडून कुठल्याही प्रश्नाचं सरळ उत्तर मिळत नाही.

"काका, बोटीतलं तुम्ही ओढता, ते कुठे जातं?"

"टाकीत. ही काय, जमिनीत आहे."

"आणि टाकीतून?"

"टाकीतून पुढे."

"पुढे कुठे?"

"पुढे म्हणजे खाली."

"खाली कुठे, काका?"

काकांनी जमिनीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "शहराच्या मोठ्या गटारात. जायला तर तिकडेच पाहिजे."

"तुम्ही बघितलंय?"

"जमिनीखालचं कसं बघणार, मॅडम?"

बरोबर होतं त्यांचं. मी मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, भिंत वाढवली तेव्हा नळ कंत्राटदाराने जोडले, त्याला विचारा. कंत्राटदाराची कंपनी कधीच बंद पडली होती. सगळेच कानांवर हात ठेवून मोकळे, आणि मी मध्ये उभी. मला राग यायला हवा होता. पण राग कुणाचा करायचा, हेच ठरत नव्हतं.

मग एक सुचलं. आमच्याकडे लाल गोळ्याही असतात. मी मॅनेजरला म्हटलं, "जरा तुमचं बाथरूम वापरू का?" ऑफिसची घाणही जमिनीतल्या त्याच टाकीत जाते, एवढं काका ठामपणे सांगू शकले होते. मी आत गेले, सगळ्या लाल गोळ्या ओतल्या, हात दुखून येईपर्यंत पाणी सोडलं आणि थेट खाडी गाठली. मला आत जाताना आणि पळत बाहेर येताना पाहून मॅनेजरने, पोट बिघडलंय का, असं काळजीने विचारलं.

ओहोटीने पाणी बरंच उतरलं होतं. भिंतीच्या पायथ्याशी शेवाळाने झाकलेलं एका नळाचं तोंड उघडं पडलं होतं. पावसाचं पाणी वाहून जायला असतो, तसा साधा नळ. मी आणि आजोबा त्याच्याकडे बघत बसलो. आधी हिरवट येत होतं. मग विटकरी झालं. मग लालभडक.

"आता लाल!" आजोबा म्हणाले. "मॅडम, हे तुमचं खातं करतं तरी काय नेमकं?"

कंत्राटदाराने जमिनीतली टाकी शहराच्या गटाराऐवजी या पावसाच्या नळाला जोडली होती. या मरीनात ज्यांनी ज्यांनी नियम पाळून टाकी उपसून घेतली, त्या सगळ्यांची घाण इतकी वर्षं याच नळातून खाडीत पडत होती. ताई तर दर आठवड्याला उपसून घ्यायची. सगळ्यांत जास्त नियम तिने पाळला आणि सगळ्यांत जास्त घाण तिचीच या पाण्यात गेली. कुंपणच शेत खात होतं, आणि आम्ही कुंपणाला वर्षाच्या वर्षाला प्रमाणपत्र देत होतो.

*

मॅनेजर नळ बघून गेला आणि ऑफिसात त्याने मला खुर्ची दिली. या वेळी बोलण्याचा सूर वेगळा होता.

"मॅडम, मला खरंच माहीत नव्हतं." मला ते खरं वाटलं. "पण आता तुम्ही हे लिहिणार, म्हणजे पंपाला सील लागणार. बरोबर?"

"लावावंच लागेल."

"आणि ज्या मरीनात चालू पंप नाही, तिथे बोटीवर कुणाला राहता येत नाही. हाही तुमचाच नियम. इथे बोटीवर राहतं कोण? तुमच्या ताई. बाकीच्या बोटी रिकाम्या उभ्या असतात, त्यांना काही फरक पडत नाही." तो थोडा पुढे झुकला. "त्यापेक्षा असं लिहा की बोटीजवळ रंग दिसला नाही. ते खरंच आहे. खाडी तुमच्या हद्दीत नाही. तेही खरंच आहे. मी तक्रार मागे घेतो, ताई राहू देत आयुष्यभर. नळाचं मी बघतो."

"कधी बघणार?"

"होईल हो."

त्यात एकही शब्द खोटा नव्हता, म्हणूनच माझं डोकं गरगरू लागलं. सकाळी मला वाटत होतं, दोनच शक्यता आहेत. ताई खरी निघाली तर राहील, खोटी निघाली तर जाईल. आता ताई खरी निघाली होती, आणि मी खरं लिहिलं तर ती जाणार होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरही सापडत नव्हता आणि दोर माझ्या हातात होता.

मी ताईला सगळं सांगितलं. मॅनेजर काय म्हणाला, तेसुद्धा. का सांगितलं? कारण मला मनापासून वाटत होतं की तिने म्हणावं, नको गं लिहूस, आमचा विचार कर. तिने तसं म्हटलं असतं तर मी लिहिलं नसतं. आजही मला याची लाज वाटत नाही.

ताईने सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, "म्हणजे मी टाकी उपसून घ्यायचे, ते तिकडेच जायचं?"

"हो."

"आणि सकाळी मी तिथेच पोहायचे."

"हो."

"माझ्यासोबत त्या दोघी-तिघी यायच्या. मीच बोलवायचे त्यांना. म्हणायचे, मरीनात नको, इथलं पाणी चांगलं आहे." तिने तोंडावर हात धरला. मला वाटलं, तिला उलटी होतेय. पण तिने हात खाली घेतला आणि म्हणाली, "लिही."

"ताई, लिहिलं तर तुम्हाला—"

"ऐकलं मी. बहिरी नाही."

ताई उठून बाहेर गेली आणि दोरीवरचे पायजमे काढू लागली. ते अजून ओलेच होते.

*

मी लिहिलं. पंपाला सील माझ्या हाताने लावलं. काका शेजारी उभे राहून सारखं म्हणत होते, "मॅडम, मी तर रोज वेळेवर चालू करायचो." त्यांनाही कळत नव्हतं की त्यांचं चुकलं काय. मला तरी कुठे कळत होतं?

ताईची बोट ओढून दुरुस्तीच्या आवारात नेली, क्रेनने उचलली आणि जमिनीवर लोखंडी टेकूंवर उभी केली. त्या आवारातही राहायला बंदी आहे. पाण्याबाहेर बोट किती मोठी दिसते, आणि किती केविलवाणी. भावोजींनी तिच्या पोटावरून हात फिरवला आणि म्हणाले, "झडप बघ, बंद आहे." मी बघितली. बंद होती. गंजून इतकी घट्ट झाली होती, की उघडायची म्हटली तरी उघडली नसती.

नळ अजून दुरुस्त झालेला नाही. साहेबांनी विचारून सांगितलं, की भिंत बांधकामवाल्यांची, नळ पाऊस-पाण्याच्या विभागाचा, आणि त्यातून वाहणारं आमचं. तिघांची बैठक ठरतेय. पांढऱ्या बोटी होत्या तिथेच डुलताहेत. त्यांच्या टाक्या आता कोण कुठे रिकाम्या करतं, मला ठाऊक नाही. पंपच बंद असताना तपासायचं तरी काय, म्हणून सध्या आमच्या गोळ्याही बंद आहेत.

ताई आणि भावोजी माझ्या दोन खोल्यांत राहायला आले. भावोजी टीव्हीवर हवामानाच्या बातम्या लावतात आणि भरती-ओहोटीच्या वेळा ऐकतात, काहीही गरज नसताना. ताई माझ्याशी बोलायची, पण हवं-नको एवढंच. तिचा माझ्यावर राग आहे का, हे मला कळत नव्हतं. मला वाटतं, तिलाही कळत नव्हतं. घर मात्र तिने आल्या दिवसापासून घासूनपुसून चकचकीत केलं. माझ्या बाथरूमच्या फरश्यांचा खरा रंग मला पहिल्यांदाच दिसला.

एके सकाळी मी ऑफिसला निघाले होते. ताई संडासाच्या दारात ब्रश घेऊन उभी होती. नुकतंच घासून झालं होतं, साबणाचा फेस अजून भांड्यात होता. तिचं एक बोट भिंतीवरच्या बटणावर होतं, पण ती ते दाबत नव्हती.

"काय झालं? अडकलंय का?"

"नाही." ती माझ्याकडे वळली. "हे दाबलं की कुठे जातं गं?"

मी लगेच तोंड उघडलं. इतकी वर्षं याच खात्यात काढलेली, उत्तर जिभेवर असायला हवं होतं. खाली जातं. मग सोसायटीच्या टाकीत. तिथून पुढे.

"माहीत नाही," मी म्हटलं.

ताईने मान डोलावली. तिला त्याचं नवल वाटलं नाही. रागही दिसला नाही, आणि तो दिसला असता तर मला बरं वाटलं असतं.

"माझं घर तू यावरूनच बंद केलंस," ती म्हणाली. "बरोबर केलंस. आता हे विचारून ये."

तिने बटणावरचं बोट काढलं, ब्रश जागेवर ठेवला आणि दार ओढून घेतलं. मी साहेबांना फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं आणि जिना उतरून खाली वॉचमनला विचारायला गेले. त्याला माहीत नव्हतं. तो म्हणाला, सेक्रेटरींना विचारा.